वहिनी, एक नाव राहिलं!

प्रेसमध्ये रद्दी साचते तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच की रद्दी भंगारवाला येऊन घेऊन जातो, किस्से कोणी नेत नाही. ते माझ्याकडेच राहतात.

डहाणूला स्टेशनपासून चालत यायच्या अंतरावर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पुढे मी कॉम्प्युटरवर, मागे माझा नवरा सुभाष मशीनवर. मजकूर माझा, शाई त्याची. लग्न करून या घरात आले तेव्हापासून हेच चालू आहे, आणि खरं सांगू का, मी आता थकलेय. तुळशीचं लग्न लागलं की लोकांना ऊस आणि चुरमुरे आठवतात. मला गिऱ्हाइकं आठवतात. आता आले सगळे!

सगळे म्हणजे वरबाप, वधूबाप, त्यांच्यामागून साडू, जावई, भावजया. पत्रिकेचा मजकूर घेऊन माणूस कधी एकटा येत नाही. आणि एकदा येऊन भागतही नाही. मजकूर फायनल होतो, मी प्रूफ देते, ते सही करून जातात, सुभाष मशीन चालू करतो, आणि फोन वाजतो. "वहिनी, एक नाव राहिलं!"

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तुझी काय बाई मजा! रोज लग्नघराचं वातावरण!"

हो ना. वातावरण अगदी लग्नघराचंच असतं. फक्त जेवण नसतं.

तर ऐका.

*

पत्रिकेच्या तळाला ‘किलबिल’ असते. "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असं लिहायचं आणि खाली घरातल्या बारक्या पोरांची नावं घालायची. एका घरच्या किलबिलीत चिंगी, बंटी, स्वरा, ओम आणि त्यांच्यानंतर निनाद असं नाव होतं.

मला शंका आली, कारण मी निनादला ओळखते. चारोटीला एका पतपेढीत असतो. मला कर्जाचा फॉर्म भरायला त्यानेच मदत केली होती.

"काकू," मी त्याच्या आईला विचारलं, "निनादला वर घेऊया का? ‘आपले विनीत’मध्ये?"

"वर विवाहित आहेत सगळे," काकू म्हणाल्या. "त्याचं झालंय का?"

"अहो, पण तो मोठा आहे."

"मोठा कसला? त्याचं लग्न होईपर्यंत तो किलबिलच!"

शेजारी नवरदेव बसला होता. वयाने निनादपेक्षा लहान. तो बिचारा म्हणाला, "काकू, त्याला टक्कल पडलंय." काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बोलला नाही. छापली मी तशीच.

पत्रिकांचा गठ्ठा न्यायला नेमका निनादच आला. एक पत्रिका उघडली, वरून खाली वाचत गेला, खाली येऊन थांबला. मी दुसरीकडे बघत होते. त्याने पत्रिका मिटली. मग हळूच म्हणाला,

"वहिनी, निदान पहिलं तरी घालायचं ना. चिंगीपेक्षा मोठा आहे मी."

*

नाव राहिलं की काय होतं, ते मी नरपडला पाहिलं.

तिकडच्या एका मोठ्या घरातलं लग्न. भाऊबंदकी मोठी, त्यामुळे निमंत्रकांची नावंच पत्रिकेचं अख्खं पान खाऊन बसली होती. मी ती दोनदा वाचून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रिका छापल्या, वाटल्या, आणि मग लक्षात आलं की बाबलकाका राहिले. नवरदेवाचे सख्खे चुलते! कोणीच सांगितलं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल.

बाबलकाकांनी जाहीर केलं, "ज्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव नाही, त्या लग्नाला मी जाणार नाही."

लग्नाला मलाही बोलावणं होतं. मी मांडवात शिरले तर पहिल्याच पंगतीत बाबलकाका! नवीन शर्ट, कपाळाला गंध, पानात जिलबी. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. मी नमस्कार केला.

"काका, बरं झालं आलात."

"मी आलेलो नाही," ते म्हणाले आणि वाढप्याला हाक मारली. "इकडे मठ्ठा आण रे!"

मग त्यांचं सगळीकडे हेच चाललं. मुंबईचे पाहुणे भेटले, त्यांना सांगितलं, मी आलेलो नाही. नवऱ्यामुलाने वाकून नमस्कार केला, त्याला आशीर्वाद दिला आणि सांगितलं, मी आलेलो नाही. फोटोग्राफरने कॅमेरा वळवला तर हात आडवा केला. "ए, मी नाहीये इथे!"

निघताना त्यांच्या हातात चार पुडांचा डबा होता. वाढप्याने विचारलं, काका, हा कुणासाठी?

"तुझ्या काकीसाठी. ती पण आलेली नाही."

*

तलासरीहून एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. सोबत त्यांची पत्नी, मी त्यांना बाई म्हणते. गुरुजींनी मजकूर स्वतःच्या हाताने लिहून आणला होता, सुंदर अक्षर. सगळ्यात वर, गणपतीच्याही वर म्हणा ना, लिहिलं होतं: कृपया अहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आमचा अहेर.

"हे ठळक घ्या," गुरुजी म्हणाले. "लोक वाचत नाहीत."

मी ठळक घेतलं. गुरुजींनी प्रूफवर सही केली आणि ते बाहेर रिक्षा बघायला गेले. बाई मात्र खुर्चीत बसूनच राहिल्या.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आयुष्यभर यांच्या शाळेतल्या प्रत्येकाच्या लग्नात साड्या, पितळेची भांडी, सगळं मी दिलंय. मी कधी नाही म्हणाले नाही. आता माझ्या घरात एकच कार्य आहे. मला कोणी एक साडीसुद्धा नेसवायची नाही का?"

"मग काढून टाकू का?" मी विचारलं.

"नको, नको! हे बघतील ना. जरा खाली घ्या. बारीक करा."

मी ओळ खाली घेतली, बारीक केली. त्यांनी स्क्रीनकडे वाकून पाहिलं.

"अजून."

अजून केली.

"अजून थोडी."

"बाई, आता वाचताच येणार नाही कोणाला!"

"तेच," त्या म्हणाल्या. "यांना चष्मा लावून दिसली पाहिजे, आणि लोकांना चष्मा लावून दिसता कामा नये. तेवढं बघा."

*

रिसेप्शनच्या वेळेवरून जेवढी डोकेदुखी होते तेवढी कशावरूनच होत नाही. आपल्याकडे लिहायची पद्धत ठरलेली आहे: सायंकाळी सात ते आपल्या आगमनापर्यंत. म्हणजे तुम्ही कधीही या, आम्ही आहोत. वाचायला फार गोड. हॉलवाला मात्र दहा वाजले की पंखे बंद करायला लागतो.

एक गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं रिसेप्शन. मी सवयीने ‘आपल्या आगमनापर्यंत’ टाइप केलं तर ते चवताळले.

"हे काय? गाडी काय प्रवाशाच्या आगमनापर्यंत उभी असते का? पक्की वेळ लिहा. सात ते नऊ."

"काका, लोक येतच नाहीत हो वेळेवर."

"लोक येत नाहीत कारण तुम्ही असं छापता!"

सगळा दोष माझाच! मी छापलं: ठीक सात ते नऊ. त्यांनी खाली अजून एक ओळ घालायला लावली: वेळेचे भान राखावे, ही नम्र विनंती. मी म्हटलं, चला, आपलं काय जातंय.

रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. चेहरा उतरलेला. मी चहा मागवला. अर्धा कप पिऊन त्यांनी सांगितलं. ब्यूटीपार्लरवालीने नवरीला सोडलंच नाही. केस झाले, मग मेकअप, मग परत केस. नवरा-नवरी स्टेजवर चढली तेव्हा समोर खुर्च्या, केटररची पोरं आणि त्यांच्या घरची माणसं, एवढंच होतं.

"आणि पाहुणे?"

"पाहुणे?" ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा राइट टाइम! जेवून गेलेसुद्धा!"

*

इथे गुजराती-मराठी लग्नं होतात आणि सुखाने नांदतात. अडतं ते फक्त पत्रिकेत.

मुलगी डहाणूची मराठी, मुलगा बॉर्डरपलीकडचा गुजराती. पत्रिका दोन्ही भाषांत हवी. मग प्रश्न आला, पुढच्या पानावर कोण? मुलीचे वडील म्हणाले, लग्न आमच्या दारात, मराठी पुढे. मुलाचे वडील म्हणाले, "भाभी, वरपक्ष तो आगे ही होता है ना!" दोघेही माझ्याच टेबलावर हात ठेवून बोलत होते. मध्ये माझा डबा उघडा होता. भाजी गार झाली.

शेवटी मी डोकं चालवलं. अशी पत्रिका केली की जिला मागची बाजूच नाही. एका बाजूने उघडली की मराठी, उलटी फिरवून दुसऱ्या बाजूने उघडली की गुजराती. दोन्हीकडे कव्हर, दोन्हीकडे गणपती. दोघेही खूश होऊन गेले. मी सुभाषला म्हटलं, आज लवकर बंद करू.

दुसऱ्या दिवशी दोघेही हजर!

"वहिनी, आमची पत्रिका बरोबर आहे, पण मागे त्यांचा गणपती उलटा आलाय. डोक्यावर उभा! अपशकुन नाही का?"

"नहीं नहीं भाभी, हमारा सीधा है. इनका उलटा है!"

मी समजावलं. पत्रिका हातात फिरवून दाखवली. आता तुमचा सरळ, आता त्यांचा सरळ. पण ज्याचा सरळ असेल तो समोरच्याच्या उलट्याकडे बोट दाखवायचा. असा अर्धा तास गेला. माझा आवाज बसला.

तेवढ्यात मागून सुभाष हात पुसत आला. त्याने पत्रिका घेतली, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि दोघांकडे पाहिलं.

"देव बरोबर आहे. तुम्ही जागा बदलून बसा."

*

आता मोबाईल आले. लोक मला म्हणतात, वहिनी, तुमचं काम कमी झालं असेल. कमी कुठे झालं? वाढलं! आता पत्रिका छापायचीही असते आणि मोबाईलवर पाठवायला वेगळी करायचीही असते, तीत गाणं, फुलं आणि नवरा-नवरी समुद्रावर पळताना. खाली ओळ असतेच: समक्ष येणे शक्य नसल्याने यालाच आग्रहाचे निमंत्रण समजावे.

आमच्याच गल्लीतले जोशीमामा. जुन्या वळणाचे. त्यांना भाच्याने अशीच पत्रिका मोबाईलवर पाठवली. अक्षत नाही, घरी येऊन बोलावणं नाही. मामा दोन दिवस धुमसत होते. लग्नाच्या दिवशी मांडवात सगळे त्यांची वाट बघत होते. मंगलाष्टकाला मामा अंतरपाट धरायला हवेत आणि मामाच नाहीत! भाच्याची आई रडायच्या बेतात. शेवटी दुसऱ्याच्या हातात अंतरपाट दिला.

मंगलाष्टकं संपता संपता भाच्याच्या बहिणीचा फोन वाजला. मामांचे मेसेज. पहिला फोटो, मामांच्या हातात मूठभर तांदूळ. दुसरा फोटो, तांदूळ टीपॉयवर सांडलेले. तिसरा फोटो, घरातलंच ताट, वरणभात आणि मेथीची भाजी.

खाली लिहिलं होतं: जेवलो. फार छान झालं कार्य.

*

या मोबाईलने मलाही एकदा चांगलंच अडकवलं.

एका नवरदेवाला पत्रिकेवर तो चौकोनी कोड हवा होता, स्कॅन केला की थेट हॉलचा रस्ता दाखवणारा. हॉल तलासरीला. मी म्हटलं, मला लोकेशन पाठव, मी टाकते. त्याने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या फोन काढला, बटण दाबलं, लोकेशन आलं. मी कोड बनवला, पत्रिकेवर टाकला, झालं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून झाडू मारत होते. एक गाडी येऊन थांबली. त्यातून शालू नेसलेल्या दोघी उतरल्या. "हॉल कुठे?" मी म्हटलं, कुठला हॉल? तोवर दुसरी गाडी आली. मग तिसरी. मुंबईचे पाहुणे हायवेने आले होते, सरळ तलासरीला जायचं ते चारोटीला वळून डहाणूत शिरले होते. पठ्ठ्याने ‘मी आत्ता इथे आहे’ तेच लोकेशन मला पाठवलं होतं! आणि तो तेव्हा होता माझ्या दुकानात.

आमच्या दारात वरात! मी गाड्या परत पाठवत होते, सुभाष रस्त्यावर उभा राहून ट्रॅफिक सांभाळत होता, कोणाला पाणी हवं, कोणाला बाथरूम. मी मनात म्हटलं, अक्षता राहिल्यात फक्त.

शेवटच्या गाडीत एक आजी होत्या. बोरिवलीहून निघालेल्या, पायांना सूज. तलासरी अजून पुढे आहे म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "मला आता गाडीत बसवत नाही. मी इथेच आशीर्वाद देते." आणि त्या आमच्या खुर्चीत बसल्या. मी चहा दिला. त्यांनी पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले, मला पदर पुढे करायला लावला आणि माझी ओटी भरली. सुभाषलाही बोलावलं. आम्ही दोघे मुकाट्याने वाकलो.

"सुखाचा संसार करा," आजी म्हणाल्या. "आणि एकमेकांवर चिडू नका. दमलेले दिसता दोघं."

*

आता शेवटचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही. सांगताना मध्येच थांबले तर थांबू द्या.

गेल्या उन्हाळ्यात अच्छाडच्या बाजूच्या एका पाड्यावरून मायलेक आले. मुलगा दिलीप, कंपनीत कामाला, कडक इस्त्रीचा शर्ट. आई जानी, माझ्यापेक्षा थोडी मोठी, पन्नाशीच्या पुढे असेल. दिलीपला चकचकीत पत्रिका हवी होती, कारण कंपनीतले साहेब येणार होते. मजकूर मोबाईलमध्ये लिहून आणला होता. नावं, ठिकाण, जेवण, स्वागत समारंभ, सगळं व्यवस्थित. मला वाटलं, आज सुटले!

"आणि आमचं?" जानी म्हणाली.

"तुमचं काय?"

दिलीप खाली बघायला लागला.

आमच्या भागात पाड्यांवर एक जुनी रीत आहे. दोघं एकत्र राहायला लागतात, घर मांडतात, पोरंबाळं होतात. लग्नाचा विधी मागाहून, जमेल तेव्हा. कधी ते जमायला अर्धं आयुष्य जातं. पण मुलाचं लग्न लावायचं तर आईबापाचं आधी लागलेलं असावं लागतं. म्हणून मग एकाच मांडवात आधी आईबापाचं लग्न लागतं आणि मागोमाग मुलाचं. पाड्यावर त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दिलीपला वाटत होतं.

"वहिनी, ते पत्रिकेत नको," तो म्हणाला. "साहेब लोक वाचतील. आईबाबांचं आम्ही सकाळी घरच्या घरी करून टाकू."

"तुझं छापणार," जानी म्हणाली, "माझं का नाय? माझं पण एकदाच आहे."

ती रागावली नव्हती. नुसतं विचारत होती. दिलीपने शर्टाची बाही नीट केली. मग मीच मध्ये पडले. म्हटलं, दोन पत्रिका करू. दिलीपची कंपनीत वाटा, जानीबाईंची पाड्यावर वाटा. दिलीपने लगेच होकार दिला. जानी उठली आणि भिंतीवरचे नमुने बघायला लागली. एकेक पत्रिका हातात घ्यायची, उघडायची, बंद करायची, परत लावायची. तरुण नवऱ्याही इतका वेळ घेत नाहीत. शेवटी लालभडक, सोनेरी काठाची एक घेऊन आली.

"मुहूर्त?" मी विचारलं.

"धवलेरी येल तेव्हा."

धवलेरी म्हणजे त्यांच्यातली लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणत लग्न लावते. तिच्या गाण्याला घड्याळ नसतं. मी टाइप केलं, मुहूर्त: धवलेरी येईल तेव्हा. इतकी खरी वेळ मी आयुष्यात कधी छापली नव्हती!

"नवरीकडून निमंत्रण कोणाचं?"

"माझ्या बापसाचं. लहानू."

दिलीप एकदम म्हणाला, "आये, आजाचं नाव कशाला? तो कधी आपल्या घरात पाय ठेवतो का?"

तेव्हा मला कळलं. जानी बापाला न विचारता दिलीपच्या वडिलांकडे राहायला आली होती. तेव्हापासून म्हातारा तिच्या दारात आला नव्हता. पाडा फार लांब नाही, मध्ये एक ओहोळ. तलासरीच्या बाजारात समोर आली तर तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायचा. नातवंडं झाली, मोठी झाली, तरी नाही.

मला राहवलं नाही. या धंद्यात एवढी वर्षं काढल्यावर एक कळतं, पत्रिकेतलं नाव मांडवात सगळे शोधतात.

"जानीबाई," मी म्हटलं, "नाव छापलं आणि ते आलेच नाहीत, तर सगळ्यांसमोर तुम्हालाच वाईट वाटेल."

"वाटेल," ती म्हणाली. "पण पत्रिकेत नवरीच्या बापसाचं नाव असतं ना?"

"असतं."

"मग छापा."

मी छापलं. आमची कन्या चि. सौ. कां. जानी. हे कुमारिकेच्या नावामागे लावतात, ते तिच्या नावामागे लावताना मला क्षणभरही अवघड वाटलं नाही. तिने ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसली. इतक्या वर्षांत माझा मजकूर ऐकून इतकं खूश कोणी झालं नव्हतं.

पत्रिका गेल्या. लग्न अगदी तोंडावर आलं होतं, तेव्हा एका दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. हातात काठी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने ती लाल पत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तू छापली?"

नाव राहिलं म्हणून भांडायला आलेले मी पुष्कळ पाहिलेत. न विचारता नाव घातलं म्हणून आलेला हा पहिलाच. मी सुभाषला हाक मारली. त्याने मशीन बंद केलं.

"वाच," म्हातारा म्हणाला.

मी वाचली.

"परत."

परत वाचली. मुलीच्या नावापाशी आले तेव्हा त्याने काठी दोन्ही हातांनी धरली होती. सुभाषने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तिने सांगितलं म्हणून तुमचं नाव घातलं. तुम्हाला नको असेल तर..."

"हळद कुठं लिवली?"

मी पत्रिकेत पाहिलं. "तिच्याच घरी. मुलाची आणि तिची एकत्र."

"चुकीची आहे," तो म्हणाला. "नवरीची हळद बापसाच्या अंगणात होते. बदल."

मी पत्रिका त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, "बाबा, पत्रिका वाटून झाल्या. आणि ती तिकडे पाहुण्यांच्या गडबडीत असेल. घरात मुलाचं लग्न आहे. अशी एकटी उठून तुमच्याकडे कशी येणार?"

म्हाताऱ्याने पत्रिका पिशवीत ठेवली, पिशवीची घडी घातली आणि काठी टेकत दाराकडे वळला.

"एकटी कशाला येल? पोर आहे ती. मी जातो आणायला."